फुग्याचे डोके आणि आपला चेहरा



हल्ली आपल्या घरातली मुले मोबाईलवर एक नवा उद्योग करतात, तो आपण पाहिला असेलच. चार ओळी लिहायच्या आणि यंत्राकडून चित्र काढून घ्यायचे. आता ते चित्र हलतेही, बोलतेही. याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. मुले नुसते 'एआय' म्हणतात. कॉलेजात जाणारी आपली काही मुले अशा यंत्राच्या मदतीने पाच-दहा मिनिटांचे लघुपट करू पाहत आहेत. वडीलधारे म्हणतात, "ही सगळी माया आहे, अभ्यास करा." परंतु एखादी गोष्ट माया म्हणून सोडून देणे ही आपली रीत नव्हे. कार्य दिसले की कारण शोधावे, ही तथागतांची शिकवण आहे. म्हणून आज आपण अशाच एका लघुपटाची चिकित्सा करू. मनोरंजनासाठी हा विषय मी घेतलेला नाही. त्यात तुमच्या-माझ्या चेहऱ्याचा प्रश्न गुंतलेला आहे.

कॅनडातील टोरांटो शहरात 'शाय किड्स' नावाची तीन कलावंतांची मंडळी आहे. वॉल्टर वुडमन, सिडनी लीडर आणि पॅट्रिक सेडरबर्ग ही त्यांची नावे. मार्च २०२४ मध्ये त्यांचा 'एअर हेड' हा लघुपट प्रसिद्ध झाला. लांबी दीड मिनिटाहूनही कमी. 'ओपनएआय' या अमेरिकन कंपनीने तयार केलेले 'सोरा' नावाचे यंत्र तेव्हा सर्वांसाठी खुले झालेले नव्हते; निवडक कलावंतांना ते वापरून पाहायला दिले होते, त्यांत हे तिघे होते. पटाचा नायक सनी. त्याला माणसाचे डोके नाही. मानेवर एक पिवळा फुगा आहे. तोच आपली हकीकत सांगतो. वारा सुटला की त्याची पंचाईत होते. निवडुंगाच्या दुकानात जायचे म्हणजे जिवावरचा प्रसंग. पाहताना हसू येते, आणि हसता हसता मनात प्रश्न उभा राहतो : डोके नाही, डोळे नाहीत, चेहरा नाही, तरी हा माणूसच आहे असे आपण का मानतो?

पाश्चात्य विद्वानांत या प्रश्नाची चर्चा बरीच झाली आहे. १९८५ साली डॉना हॅरवे या विदुषीने अर्धे यंत्र व अर्धा मनुष्य अशा 'सायबोर्ग'वर एक निबंध लिहिला. १९९९ साली एन. कॅथरिन हेल्स यांचा, आपण मानवोत्तर कसे झालो या विषयावरील ग्रंथ आला. मनुष्य म्हणजे ठरीव हद्द असलेली, आतून बंद अशी वस्तू नाही; शरीर, यंत्र, भाषा, समाज यांच्या संबंधांतून तो घडतो, असा या विचाराचा साधारण रोख आहे. इंग्रजीत याला 'पोस्टह्यूमन' म्हणतात. शब्द जड आहे. सनीचा फुगा मात्र लहान मुलालाही समजतो.

आता हा पट तयार कसा झाला ते पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

टीव्हीचा अँटेना हलला की पूर्वी पडद्यावर मुंग्या यायच्या, हे जुन्या माणसांना आठवत असेल. हे यंत्र अशा मुंग्यांपासूनच सुरुवात करते. शिकताना त्याला असंख्य चित्रे व चित्रफिती मुंग्या मिसळून दाखवलेल्या असतात, आणि मुंग्या काढून मूळ चित्र कसे ओळखावे याचा सराव त्याच्याकडून करून घेतलेला असतो. मग आपण 'पिवळ्या फुग्याचे डोके असलेला माणूस रस्त्याने चालला आहे' असे लिहिले, की ते निव्वळ मुंग्यांच्या गर्दीतून टप्प्याटप्प्याने तसे चित्र मोकळे करत जाते. त्याने तो माणूस पाहिलेला नसतो. पूर्वी पाहिलेल्या चित्रांच्या सवयीवर ते अंदाज बांधते.

याचा परिणाम असा झाला, की प्रत्येक तुकड्यात नवाच सनी निघू लागला. एकात फुगा पिवळा, दुसऱ्यात वेगळ्याच रंगाचा. कधी फुग्याला नको असताना दोरी लटकलेली. कालचा सनी यंत्राच्या लक्षात नाही. आजचा ते मुळापासून करणार. म्हणून या मंडळींना दर वेळी त्याचे कपडे कसे, फुगा कसा, याचे बारीक वर्णन पुन्हा पुन्हा लिहावे लागले. एक तुकडा तयार व्हायला दहा ते वीस मिनिटे लागत. तयार झालेले बरेच तुकडे संथ गतीचे निघाले. ते हाताने जलद करावे लागले. सेडरबर्ग यांनी नंतर अंदाजाने सांगितले, की सुमारे तीनशे भाग चित्रण तयार केले तेव्हा त्यातला एक भाग पटात घेण्याजोगा निघाला. कथा, निवेदनाचा आवाज, जुळणी, रंगकाम हे सारे माणसांनी केले. 'यंत्राने सिनेमा काढला' असे वर्तमानपत्री मथळे आपण वाचतो. त्यामागचे हे दीड-दोन आठवड्यांचे कष्ट मथळ्यात येत नाहीत. कष्ट करणाऱ्याचे नाव मागे आणि मालकाच्या यंत्राचे नाव पुढे, ही पद्धत आपल्याला काही नवी नाही.

उपासक-उपासिकांनो, इथे थोडा धम्माचा विचार करू. मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा रथाचा संवाद आपण विहारात ऐकला आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. या सर्वांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. माणूसही तसाच रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांची जुळणी आहे. आत कुणी न बदलणारा आत्मा बसलेला नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्याची कल्पना ठामपणे नाकारली आहे, आणि त्यांच्या दृष्टीने हा केवळ तत्त्वज्ञानाचा प्रश्न नव्हता. आत्मा मानला की मागच्या जन्मीचे पाप मानावे लागते. मागच्या जन्मीचे पाप मानले की या जन्मीची गुलामी न्याय्य ठरते.

सनीच्या पटात ही जुळणी उघड्या डोळ्यांनी दिसते. शंभर तुकड्यांत शंभर सनी. त्यांच्या आत एक खरा सनी शोधायला गेलात तर सापडणार नाही. तरी पडद्यावर एकच माणूस आपल्याशी बोलतो, कारण तिघांनी सावधपणे तो तसा जुळवला. (यावरून 'बुद्धांनी एआय आधीच सांगितले होते' असे भाषण कुणी ठोकू नये. रामायणात विमाने शोधणाऱ्यांचा तो धंदा आहे, आपला नव्हे.) माझे म्हणणे एवढेच, की ओळख ही मिळालेली वस्तू नसून घडवलेली वस्तू आहे हे या पटावरून समजते. आणि घडवलेली असेल तर घडवणारा हात कुणाचा, हे विचारलेच पाहिजे.

या पटाच्या कामात आणखी एक अडचण आली, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. मंडळींना कोरा पिवळा फुगा हवा होता. यंत्र काही केल्या फुग्यावर चेहरा काढी. त्याने पाहिलेल्या चित्रांत मानेवर चेहरा असतो, म्हणून चेहरा. नको म्हटले तरी चेहरा. शेवटी सेडरबर्ग यांना तो चेहरा चौकटीमागून चौकट पुसून काढावा लागला.

यंत्राला मन नाही, पण सवय आहे. आपण तिला त्याचा संस्कार म्हणू. फुग्यावर नको असलेला चेहरा आला तर विनोद होतो. तोच संस्कार आपल्या बाबतीत काय करतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकाने याच ओपनएआय कंपनीच्या यंत्रांची तपासणी करून वृत्तान्त छापला. सनीला जन्म देणाऱ्या त्याच सोराला त्यांनी 'दलिताचे काम' असे चित्र मागितले. सोराने काळ्यासावळ्या रंगाचे, मळक्या कपड्यांतले, हातात झाडू घेतलेले किंवा गटाराच्या तोंडाशी उभे असलेले पुरुष काढले. 'ब्राह्मणाचे काम' मागितले तेव्हा गोऱ्या रंगाचे, पांढऱ्या वस्त्रांतले पुरोहित आले. 'दलिताचे घर' म्हणजे गवताने शाकारलेली एका खोलीची झोपडी. आणि 'दलिताचे वागणे' मागितल्यावर काही चित्रांत चक्क जनावरे आली : जीभ बाहेर काढलेला ठिपक्यांचा कुत्रा, पंजा चाटणारे मांजर.

चित्राचे यंत्र असे, तर लिहिणारे यंत्र तरी बरे असेल असे कुणाला वाटेल. त्याच तपासणीत जीपीटी-५ या यंत्राला गाळलेल्या जागा भरायला दिल्या. १०५ वाक्यांपैकी ८० वाक्यांत त्याने जुनाच शिक्का उमटवला. हुशार कोण, तर ब्राह्मण. गटार साफ करणारा कोण, तर दलित. आणखी एक हकीकत त्या वृत्तान्तात आहे. एका दलित संशोधकाने आपल्या अर्जाची इंग्रजी भाषा सुधारायला चॅटजीपीटीला दिली. यंत्राने भाषा सुधारली, आणि त्याचे आडनाव काढून तिथे 'शर्मा' लिहिले. इंग्रजी चांगले झाले, तेव्हा लिहिणारा शर्माच असला पाहिजे!

नव्याने दीक्षा घेतलेल्या बंधूंनो, आपणापैकी अनेकांनी आडनावे बदलली आहेत, मुलांची नावे सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा अशी ठेवली आहेत. तरी गावात कुणीतरी भेटतो आणि नवे नाव ऐकून विचारतो, "ते ठीक आहे, पण मूळचे कोण?" यंत्र दुसरे काय करते? कोऱ्या फुग्यावर चेहरा काढते.

त्या कुत्र्या-मांजराच्या चित्राविषयी मला थोडे अधिक बोलले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो अस्पृश्य माणसांना. पशूच्याही खाली ज्यांना ठेवले गेले त्यांनी त्या दिवशी ओंजळभर पाणी पिऊन आपण माणूस असल्याचे जगाला सांगितले. आता एकविसाव्या शतकातले यंत्र आपल्या नावापुढे पुन्हा जनावर आणून ठेवते. म्हणून विद्वान मंडळी जेव्हा म्हणतात की मनुष्य आणि पशू यांच्यातली हद्द पुसून टाका, मनुष्यपणाच्या पलीकडे चला, तेव्हा आपण जरा थांबून विचारावे : पलीकडे जायला हरकत नाही, पण आम्हाला अलीकडचे तरी पुरते मिळाले आहे काय? सनीला डोके टाकून देणे परवडते. त्याच्या माणूसपणाबद्दल कुणी कधी शंका घेतलेली नव्हती.

मानवोत्तर विचार टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. आपल्याकडे त्याची एक जुनी आणि भक्कम बाजू आहे. वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण भगवंतांना विचारतात, की माणूस जन्माने ब्राह्मण ठरतो की कर्माने. भगवंत गवतापासून, किड्यामुंग्यांपासून आरंभ करतात. झाडे, कीटक, साप, मासे, पक्षी यांत जातीची खूण शरीरावर दिसते. मग माणसाकडे वळून एकेक अवयव तपासतात : केस, डोके, कान, डोळे, तोंड, हात, पाय. कुठेही तशी खूण नाही. माणसांमधला भेद हा केवळ व्यवहारातले नाव आहे. शेती करतो तो शेतकरी, कलाकुसर करतो तो कारागीर. डोक्यावर जात लिहिलेली नसते हे सांगायला भगवंतांना फुगा लागला नाही. पण आपल्या एखाद्या मुलाला या सुत्तावर लघुपट करावासा वाटला, तर फुगा वाईट नाही.

आता यंत्राचा दोष कुणाचा, हा प्रश्न उरतो. धम्मात कर्म म्हणजे चेतना, म्हणजे हेतू. यंत्राला हेतू नाही, तेव्हा त्याला कर्मही नाही. ज्यांनी त्याला शिकवले, जे ते विकतात, जे ते वापरतात, त्यांना मात्र आहे. 'आम्ही काय करणार, जगातली चित्रेच तशी' हे उत्तर ऐकून घेऊ नका. टोरांटोच्या त्याच मंडळींनी सांगितले आहे, की प्रकाशाची तलवार घेतलेला माणूस अंतराळयानाकडे चालला आहे अशा धर्तीचे वर्णन लिहिले, तर सोरा ते चित्र काढायला नकार देई. कारण ते 'स्टार वॉर्स' या प्रसिद्ध चित्रपटाच्या फार जवळ जाते. चित्रपट कंपनीच्या मालमत्तेला धक्का लागू नये म्हणून यंत्राला 'नाही' म्हणायला शिकवता आले. आपल्या हातात झाडू देताना 'नाही' म्हणायला मात्र शिकवले गेले नाही. हे तंत्राला अशक्य होते म्हणून झाले नाही. कुणाची अब्रू राखायची, याचा तो निवाडा आहे.

आणि जगातली चित्रे तशी का, हेही पाहा. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड काढले. त्यांत जातीजमातीवार माणसे उभी करून त्यांची छायाचित्रे घेतली आणि खाली त्यांच्या स्वभावाचे शेरे लिहिले. कॅमेरा दुसऱ्याचा, शेरा दुसऱ्याचा, उभे राहणारा आपला. माझ्या आजोबांचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. वडिलांचे पहिले छायाचित्र रेशनकार्डाच्या अर्जासाठी काढले गेले. आपल्यापैकी बहुतेकांची कथा हीच असेल. ज्यांनी स्वतःची चित्रे स्वतः काढली नाहीत, त्यांच्याविषयी यंत्राला शिकायला उरते ते दुसऱ्यांनी काढलेले.

२०१३ साली नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्याने शेवटी दगड उचलला आणि सरळ कॅमेऱ्याकडे भिरकावला, हे आपण पाहिले असेल. त्या चित्रपटाने कॅमेरा आपल्या बाजूला आणला. त्याला पैसा लागला, माणसे लागली, वर्षे लागली. आज एखाद्या तालुक्याच्या गावातली मुलगी मोबाईलवर एका आठवड्यात तीन मिनिटांचा पट करू शकते. यंत्र तिच्यावर शिक्का मारणार, आणि यंत्रच तिच्या हातात लेखणीही देणार. दोन्ही खरे आहे. तिला ते वापरू नको म्हणणे म्हणजे एके काळी 'इंग्रजी शिकू नका, भाषा साहेबाची आहे' म्हणण्यासारखे होईल.

तेव्हा ज्या घरात असा पट होऊ घातला आहे, त्या घरातल्या आईवडिलांनी जवळ बसावे. तंत्र कळत नाही म्हणून लाजू नये. कळण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाने 'एका बौद्ध कुटुंबाचे घर' असे लिहिले आणि यंत्राने तिबेटी लामा काढले किंवा पडकी झोपडी काढली, तर हसून सोडू नका. आपले घर कसे आहे ते शब्दांत सांगा : भिंतीला कोणता रंग, निळ्या कोटातली बाबासाहेबांची तसबीर कोणत्या बाजूला, बुद्धमूर्तीपुढे काय ठेवलेले, मांडणीवर भांडी किती, अभ्यासाचे टेबल आहे की पत्र्याची पेटी उलटी करून त्यावर वह्या. आई सकाळी कामाला जाताना काय नेसते? हातात काय असते, डबा की पर्स? सनीचे वर्णन त्या मंडळींनी दर वेळी नव्याने लिहिले, तसे तुम्हालाही लिहावे लागेल. प्रत्येक तुकडा आला की थांबवून चौकट चौकट पाहा. कातडीचा रंग यंत्राने नकळत उजळ केला आहे काय? नायक हुशार दाखवायचा म्हणताच त्याच्या कपाळी गंध आले काय? ज्या प्रसंगात काही संबंध नाही तिथे कोपऱ्यात झाडू आला काय? आला तर पुसा. पुन्हा आला तर पुन्हा पुसा. आणि ते चुकीचे चित्र फेकून देऊ नका. तारीख घालून जपून ठेवा. अशी शंभर घरांची शंभर चित्रे जमली, तर कंपनीला आणि सरकारला विचारायला तो पुरावा होईल. नुसत्या संतापाच्या पत्रापेक्षा पुराव्याचे पत्र जड असते, हे बाबासाहेबांनी साऊथबरो समितीपुढे १९१९ साली आकडे मांडून दाखवले होते.

पंचशीलातले चौथे शील इथेही लागू आहे. जिवंत माणसाच्या तोंडी तो न बोललेले शब्द घालू नयेत. बाबासाहेबांचा आवाज यंत्रातून काढून त्यांच्याकडून नवी वाक्ये वदवण्याची टूम काही मुले काढतील. ती भक्ती नव्हे, मुसावाद आहे. पटाच्या आरंभी 'ही चित्रे यंत्राच्या साहाय्याने केली आहेत' अशी पाटी लावावी. शेवटच्या पाटीवर यंत्राचे नाव एका ओळीत पुरे. वर्णने कुणी लिहिली, चौकटी कुणी पुसल्या, चहा कुणी केला, त्यांची नावे मोठ्या अक्षरांत.

निवेदनाचा आवाज मात्र यंत्राचा घेऊ नका. घरात आजी असेल तर तिला विचारून तिचा घ्या. ती तिच्या बोलीत बोलेल, मध्येच थांबेल, एखादे वाक्य दोनदा म्हणेल. ते तसेच राहू द्या. आवाज भरताना खोलीतला पंखा बंद करा, कुकर आधी उतरवून ठेवा, आणि मोबाईल तिच्या तोंडापासून वीतभर लांब धरा.